चांगल्या दिवसाला आवर घाला: ग्लँड्युलर फिव्हरमधला आणि नंतरचा थकवा

मी सोलापुरात शाळेत पीटी शिकवतो आणि संध्याकाळी मुलींचा खो-खो घेतो. पोरांना पळवणं हा माझा धंदा. "दम लागला? मग अजून एक चक्कर मार" हे वाक्य माझ्या तोंडातून दिवसात किती वेळा जातं ते मोजायची सोय नाही. म्हणून पुढचं वाचताना माझ्या मैदानावरच्या पोरी हसतील. ग्लँड्युलर फिव्हरच्या थकव्यावर अजून एक चक्कर हे औषध नव्हे. आणि पेशंटला ज्या दिवशी बरं वाटतं, त्याच दिवशी त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

माझी मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना तिला हा आजार झाला. खेळणारी पोरगी, कधी अंथरुणाला खिळलेली आम्ही पाहिली नव्हती. घसा इतका सुजला की थुंकी गिळेना, मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी, अंगात ताप. ताप गेला, घसा सुटला, सगळे म्हणाले बरी झाली. पण केस विंचरून झाले की ती परत आडवी व्हायची. त्या काळात डॉक्टरांनी जे सांगितलं, घरात जे उपयोगी पडलं आणि शरीराबद्दल पीटीच्या मास्तराला जेवढं कळतं, तेवढं इथं लिहितोय. मी डॉक्टर नाही. तपासणी आणि औषधं त्यांच्याकडूनच घ्यायची.

आजार कोणता ते आधी पक्कं करा

हा आजार बहुतेक वेळा इपस्टाइन-बार नावाच्या विषाणूमुळे होतो. डॉक्टर लोक या विषाणूला ईबीव्ही आणि आजाराला मोनो म्हणतात. विषाणू थुंकीतून पसरतो. शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात, त्यामुळे "कुणाकडून आला" याचा शोध घेत बसण्यात अर्थ नाही. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो आणि साध्या सर्दी-तापात कुणाला कळतही नाही. जे तेव्हा सुटतात, त्यांच्यातल्या कित्येकांना पंधरा ते पंचविशीच्या वयात तो गाठतो आणि मग चांगलाच लोळवतो.

सोलापुरात ताप म्हटलं की पहिली तपासणी डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडची होते. ते बरोबरच आहे, त्यात वैतागू नका. पण घसा खूप दुखतोय, मानेला गाठी आहेत आणि आठवडा झाला तरी ताप हटत नाही, असं असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "मोनो असू शकेल का?" सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याच्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले आणि त्यातले काही वेगळ्या आकाराचे दिसले की संशय बळावतो. मोनोस्पॉट नावाची झटपट तपासणी असते, पण पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते. ईबीव्हीच्या अँटिबॉडीची तपासणी जास्त खात्रीची. यकृतालाही थोडी सूज येते, म्हणून एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणीही करायला सांगतात.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. घशात जिवाणूंचाही संसर्ग असेल तरच डॉक्टर ते देतात. त्यातही अॅमॉक्सिसिलिन किंवा अॅम्पिसिलिन या आजारात घेतलं तर पुष्कळांच्या अंगभर लाल पुरळ उठतं. तेव्हा घरात मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्या डब्यातच राहू द्या. आणि "एक सलाईन लावून टाका, ताकद येईल" म्हणणाऱ्या नातेवाइकाला चहा पाजून वाटेला लावा. पाणीच पोटात ठरत नसेल तर सलाईनचा उपयोग आहे. थकव्यावर नाही.

तापाचे दिवस

या दिवसांत फार डोकं चालवायचं नाही. झोप येईल तेवढी झोपू द्यायचं. उठावंसं वाटलं तर घरातल्या घरात उठू द्यायचं. पलंगाला बांधून ठेवायची गरज नाही आणि उठवून बसवायचीही नाही.

तापाला आणि घशाला पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या मापात. क्रोसिन आणि डोलो ही नावं वेगळी, आतलं औषध एकच. एक आईने दिली आणि एक आजीने दिली, असं होऊ देऊ नका, कारण यकृत आधीच सुजलेलं असतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना अॅस्पिरिन द्यायचं नाही. दारू सगळ्यांनाच वर्ज्य. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या साध्या वाटतात, पण त्यांनी घास गिळण्यापुरता घसा सुटतो.

खाण्याचं म्हणाल तर आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काही दिवस विसरायची. सुजलेल्या घशाला कडक भाकरीचा तुकडा म्हणजे शिक्षा. आमच्याकडे मऊ भात-ताक, मुगाची पातळ खिचडी, ज्वारीची आंबील चालली. हुलग्याचं माडगं हिच्या आजीच्या हातचं, तिखट न घालता, तेवढं मात्र पोरगी मागून प्यायची. एकदम पोटभर नको, थोडं थोडं आणि वारंवार.

आता एक गोष्ट ठासून सांगतो, कारण बरीच घरं इथं चुकतात. या आजारात प्लीहा सुजते. जुनी माणसं तिला पाणथरी म्हणतात. ती पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांखाली असते. सुजलेली प्लीहा फुटण्याचा धोका थोडा असतो, पण फुटली तर जिवावर बेतते. म्हणून निदान चार आठवडे जड उचलायचं नाही, धक्काबुक्कीचा खेळ नाही, पोटाला मार लागेल असं काही नाही. सोलापुरात याचा अर्थ काय, तर नळाच्या दिवशी या मुलाला किंवा मुलीला बॅरल भरायला लावायचं नाही. काही दिवसांआड पाणी येतं, घरातला प्रत्येक हात लागतो, आणि "एक घागर तर आण" असं सहज तोंडातून जातं. ती एक घागरही नको. धाकट्या भावाबरोबरची मस्तीही नको. खड्ड्यांच्या रस्त्यावरून मोटरसायकलच्या मागे बसवण्यापेक्षा मी रिक्षा करायचो.

डाव्या बाजूला पोटात अचानक जोराचं दुखलं, किंवा मार लागलेला नसताना डावा खांदा दुखायला लागला आणि चक्कर, घाम सुरू झाला, तर सकाळची वाट बघू नका. श्वास घेताना आवाज येतोय, पाणीही गिळता येत नाही, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसतायत, तरीही तसंच. रात्री कुठं जायचं हे आधीच ठरवून ठेवा. जवळचं हॉस्पिटल माहीत नसेल तर सिव्हिलला चोवीस तास अपघात विभाग असतो.

घरात वेगळी खोली, वेगळे कपडे, असला विटाळ पाळायचं कारण नाही. विषाणू थुंकीत कित्येक महिने राहू शकतो, तेवढे दिवस कुणाला कोंडणार? पेला, चमचा, टूथब्रश आणि पाण्याची बाटली वेगळी ठेवली की पुरे. मैदानावर तर मी सगळ्याच मुलींना आता आपापली बाटली आणायला लावतो. एक बाटली बाराजणींत फिरवायची पद्धत बंद.

ताप गेला, ताकद आली नाही

बहुतेकांचा ताप आणि घसा दोन ते चार आठवड्यांत आटोपतो. थकवा मागे राहतो. कुणाचा काही आठवडे, कुणाचा काही महिने. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावाच्या भागात ईबीव्ही आणि आणखी दोन संसर्ग झालेल्या लोकांवर वर्षभर लक्ष ठेवून एक अभ्यास झाला होता, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारण दहातल्या एकाला सहा महिन्यांनंतरही रोजची कामं अडवणारा थकवा होता. म्हणजे दहातले नऊ तोवर सुटतात, हेही त्यातच आलं. पोरीला मी हा दुसरा अर्धा भाग जास्त वेळा सांगायचो.

हा थकवा मैदानावरच्या थकव्यासारखा नसतो. पळून दमलेली पोरगी लिंबूपाणी पिऊन अर्ध्या तासात परत उभी राहते. इथं झोपून उठल्यावरही झोप झाली असं वाटत नाही. पाय जड, डोकं जड, वाचलेलं टिकत नाही, बोलताना शब्द सापडत नाही. आणि सगळ्यात फसवी गोष्ट अशी की केलेल्या श्रमाचं बिल लगेच येत नाही. ते दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी येतं.

त्यामुळे "आज जमलं" हे आज रात्री लिहायचंच नाही. समजा सोमवारी पोरगी कॉलेजला दोन तास बसली, येताना मैत्रिणीबरोबर नवी पेठेत फिरून आली आणि रात्री हसत जेवली. घरातले खूश. बुधवारी तिला उशीवरून डोकं उचलवत नाही आणि घरातले बुधवारचं कारण बुधवारात शोधतात: नाश्ता केला नाही, मोबाइल बघत बसली, पावसाळी हवा आहे. कारण सोमवारात असतं.

म्हणून वही ठेवा. मी हजेरीचं जुनं रजिस्टर काढलं, कारण त्यात रकाने आयते असतात. एका ओळीत एक दिवस. काय काय केलं ते थोडक्यात, आणि सकाळ-संध्याकाळ अंगात किती त्राण आहे त्याला दहापैकी गुण. गुण पोरीनेच द्यायचे, बापाने नाही. "केलं" यात फक्त चालणं येत नाही. अंघोळ, केस धुणं, जिना, पाहुण्यांशी बोलणं, फोनवर मैत्रिणीशी भांडणं, अभ्यास, रील बघणं, हे सगळं खर्चाच्या बाजूला लिहायचं. माझ्या पोरीला जिन्यापेक्षा पाहुणे महाग पडायचे, हे वहीतूनच कळलं.

आठ-दहा दिवसांची पानं झाली की वाईट दिवसांकडे बघा. वाईट दिवशीही दुसऱ्या दिवशी न घसरता जेवढं झालं, तेवढं तुमचं माप. चांगल्या दिवशीही तेवढंच करायचं. इथं सगळ्यांची भांडणं होतात. पोरगी म्हणते, आज मला एकदम फ्रेश वाटतंय, मी खोली आवरते, कपडे धुते, दोन प्रॅक्टिकल लिहून टाकते. नाही म्हणायचं. सोलापूरकरांना हे समजवायला सोपं आहे: नळ आला त्या दिवशी बॅरल काठोकाठ भरलेलं असतं, म्हणून काय आपण त्याच दिवशी अंगणात पाणी शिंपडून संपवतो का? पुढचं पाणी कधी येणार ते कुणी सांगितलेलं नसतं.

हे माप दिवसभरात कसं वाटून घ्यायचं, त्याचीही रीत आहे. काम तुकड्यात घ्यायचं आणि दोन तुकड्यांच्या मध्ये विश्रांती ठेवायची. दमल्यावर विश्रांती घेणं म्हणजे उशीर झाला. ती दमण्याआधी घ्यायची, घड्याळ लावून. विश्रांती म्हणजे पाठ टेकून, डोळे मिटून, दहा-पंधरा मिनिटं. मोबाइल हातात असेल तर ती विश्रांती धरायची नाही. मी शिट्टीच वाजवायचो. सुरुवातीला चिडायची, नंतर शिट्टी वाजायच्या आधीच आडवी व्हायची.

अभ्यासाला वीस मिनिटं, मग पाठ टेकायची. अंघोळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, पाणी कोमट. कढत पाण्याने आणि उभं राहून कित्येकांना गरगरतं. केस धुवायचे तो दिवस वेगळा, त्या दिवशी दुसरं काही ठेवायचं नाही. अंथरुणातून उठताना आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, घोटभर पाणी प्यायचं, मग उभं राहायचं. कांदा चिरणं, भाजी निवडणं बसूनच. हे वाचून कुणाला वाटेल, एवढं लाडावून ठेवायचं का? लाडाचा प्रश्न नाही. उभं राहण्यात वाचवलेलं त्राण एका लेक्चरला कामाला येतं.

माप वाढवायचं कधी? पाच-सात दिवस वहीत गुण खाली गेले नाहीत, तर एकच गोष्ट थोडी वाढवा. चालणं वाढवलं तर त्या आठवड्यात अभ्यास वाढवायचा नाही. वाढवल्यावर तीन दिवस बघा. घसरलं तर गुपचूप मागच्या मापावर या. त्यात हार-जीत नाही, आणि "परवा तर जमलं होतं ना" हे वाक्य घरात बंदच करून टाका.

ठरावीक पायऱ्या आखून, कसंही वाटलं तरी दर आठवड्याला व्यायाम वाढवत न्यायचा, ही पद्धत पूर्वी दीर्घ थकव्याच्या आजारात (डॉक्टर त्याला क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हणतात) सुचवली जायची. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२१ साली दीर्घ थकव्याच्या आजाराच्या मार्गदर्शनातून ती काढून टाकली आणि आपल्या त्राणाच्या मर्यादेत राहायला सांगितलं. मोनोनंतर दमणाऱ्या प्रत्येकाला तो दीर्घ आजार असतो असं नाही, बहुतेकांना नसतो. पण श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्याचं अंग कोसळतं, त्याला जबरदस्तीने पळवू नये, एवढं मी पीटीचा मास्तर असूनही मानतो.

झोप, ऊन आणि टॉनिक

उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दिवसा झोप येतेच. दुपारी तीनच्या आत, अर्ध्या-पाऊण तासात उठवा, नाहीतर रात्रीची झोप पळते. तापाच्या दिवसांत हा नियम नाही, तेव्हा झोपू द्या.

आपल्या गावातला एप्रिल-मे हा वेगळाच विषय. पारा चाळिसाच्या वर, आणि थकलेल्या शरीराला उष्णतेने आणखी गळून जायला होतं. बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत. दुपारी कूलरसमोर, पडदे ओढून. ताकात मीठ-जिरं, लिंबाचं सरबत, पाणी, थोड्या थोड्या वेळाने. ब्लड प्रेशरचा त्रास असेल त्याने मिठाचं डॉक्टरांना विचारावं.

घसा सुटल्यावर जेवण नेहमीचं. भाकरी, डाळ, पालेभाजी, दही, खाणाऱ्याला अंडं. शेंगदाणा-गुळाचा लाडू हाताशी डब्यात ठेवा, स्वयंपाकघरापर्यंत जायचं त्राण नसलेल्या दिवशी तो कामाला येतो. टॉनिकच्या बाटल्या आमच्याकडेही रांगेने आल्या, प्रत्येक पाहुण्याची एक. या थकव्यावर सिद्ध झालेलं टॉनिक नाही. पण हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर, व्हिटॅमिन डी तपासून घ्यावं, कारण आपल्याकडच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं नेहमीचं आहे की मोनोच्या नावाखाली ते लपून राहतं. जे कमी निघेल ते डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढता येतं. ताकदीचं इंजेक्शन म्हणून कुणी काय टोचतंय ते विचारल्याशिवाय दंड पुढे करू नका. कधी कधी त्यात स्टेरॉइड असतं.

माणसं

आजारापेक्षा लोकांना तोंड देण्यात जास्त दम जातो. "दिसतीय तर चांगली की!" हे शेजारच्या काकूंचं पेटंट वाक्य. आजीने दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्यांनी कुणाचं नुकसान होत नाही, काढू द्या. पण "आमच्या वेळेस असलं काही नव्हतं, विड्या वळत वळत ताप अंगावर काढला" हे पोरीच्या कानावर रोज पडू देऊ नका. मी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं: "काकू, डॉक्टरांनी सांगितलंय, अजून काही महिने असंच चालणार, तुम्ही या, पण दहा मिनिटंच बसा." दहा मिनिटं म्हटल्यावर लोक रुसतात. रुसू द्या, बरी झाली की ती स्वतः पेढे घेऊन जाईल.

कॉलेजला सुरुवातीलाच डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्या, हजेरी कमी पडल्यावर नाही. वर्गशिक्षकांना भेटून अर्धा दिवस, मागच्या बाकावर बसायची, मध्येच उठून जायची परवानगी मागा. प्रॅक्टिकल उभ्याने असेल तर स्टूल मागा. लेखी मागितलं की मिळतं, नुसतं तोंडी सांगितलं की विसरलं जातं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जागरण करायचं नाही, हे त्या मुलीला आणि तिच्या आईला, दोघींना सांगावं लागतं.

सणवाराचं काय? सगळं बंद केलं तर पोरं मनाने खचतात, आणि ते जास्त वाईट. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आली. सोलापुरात राहून नंदीध्वज बघायचे नाहीत, हे कुणाला पटणार? होम मैदानावरची गर्दी, पाळणे, धूळ, ते सगळं रद्द केलं. मिरवणुकीच्या वाटेवर एका ओळखीच्यांचं घर आहे. तिथं गॅलरीत खुर्ची टाकून तिनं बाराबंदीतले मानकरी आणि नंदीध्वजांच्या सातही काठ्या जाताना बघितल्या, आणि रिक्षाने परत. आधीचे दोन दिवस वहीत रिकामे ठेवलेले, नंतरचे दोनही. लग्न, वास्तुशांत, सहल, सगळ्याला हीच रीत लावता येते: काय बघायचं ते एकच ठरवा, बसायची आणि निघायची सोय आधी बघा, अलीकडे-पलीकडे दिवस मोकळे ठेवा.

मन उदास होतंच, खेळणाऱ्या मुलांचं जास्त, कारण त्यांची सगळी ओळख मैदानावर असते. माझ्या पोरीला मी स्कोअरशीट भरायला बसवायचो, खुर्चीवर, सावलीत, तेही वहीत परवडेल तेव्हाच. पण दोन-दोन आठवडे रडू येतंय, कशातच मन नाही, जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवतेय, असं असेल तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, लगेच.

मैदानावर परत

चार आठवडे हा किमान आकडा आहे, त्या दिवशी उठून पळायचं असं नाही. डॉक्टरांनी पोट तपासून हो म्हटल्यावरच, त्यांना वाटलं तर सोनोग्राफी करून. पहिल्यांदा फक्त चालणं, सपाट जागेवर, बोलता येईल अशा चालीने. आम्ही सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालायचो, बसायला जागा जवळ असते म्हणून. चालताना वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. नाडी मोजायची हौस असेल तर मोजा, मला बोलण्याची परीक्षा पुरते.

चालणं वहीत सलग टिकलं की जागेवरची कौशल्यं: चौकात बसणं-उठणं, खो देण्याचा हात, पायांची जागा. मग हळू पळणं, मध्ये भरपूर थांबून. मग दिशा बदलणं, पाठलाग. खांबावरची झेप आणि डाइव्ह अगदी शेवटी, कारण त्यात पोट जमिनीवर आपटतं आणि तिथं डॉक्टरांचं दुसऱ्यांदा हो लागतं. निवड चाचणी कधी आहे ते यात बघायचं नाही. प्रशिक्षक घाई करत असेल तर पालकांनी मध्ये पडावं. मी स्वतःच प्रशिक्षक होतो, त्यामुळे हे काम तिच्या आईनं केलं, आणि चोख केलं.

पुन्हा डॉक्टरांकडे

दीड-दोन महिन्यांनी त्राण जराही वाढत नसेल, किंवा वाढून परत परत कोसळत असेल, तर जा. तीन महिन्यांनंतरही श्रमानंतरची घसरण, न भागणारी झोप आणि डोक्यातलं धुकं कायम असेल तर दीर्घ थकव्याच्या आजाराचा विचार करा, असं स्पष्ट म्हणा, कारण सगळेच डॉक्टर आपणहून तो विषय काढत नाहीत.

मानेच्या गाठी मोनोत काही आठवड्यांत कमी होत जातात. त्या वाढत चालल्या, एकाच बाजूला कडक राहिल्या, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं असं सुरू झालं, तर गाठींच्या टीबीची तपासणी करून घ्या. आपल्याकडे तो नवलाचा नाही, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि मोनो होता म्हणून टीबी नसेल असं काही नसतं.

जाताना वही बरोबर घ्या. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, सगळं रजिस्टर उलगडून बसू नका. आदल्या रात्री एका कागदावर चारच गोष्टी काढा: आजार कधी सुरू झाला, आत्ता एका दिवसात काय काय जमतं, आधी काय जमायचं, आणि एखाद्या कामानंतर अंग कोसळल्याची तारखांसह दोन उदाहरणं. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. रांगेत उभं पेशंटने राहायचं नाही. नंबर बापाने लावायचा, पोरगी बाकावर बसेल.